एव्हरेस्टच्या अलीकडची वाट

रोहणा, ता. आर्वी
३ ऑगस्ट

प्रिय आशू,
जयभीम.

तू सापडलास. आठ वर्षांनी, तेही मेघाच्या मोबाइलवर, हातात उकडलेल्या बटाट्यांची टोपली घेऊन.

मेघा म्हणजे आमच्या शाळेतली नवी शिक्षिका. वय एकोणतीस, देवळीची. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता ती डोंगरांचे व्हिडिओ पाहते. परवा म्हणाली, "मॅडम, हे पाहा. एव्हरेस्ट सोडून नेपाळात काय काय वाटा आहेत, त्याची मालिका आहे." मी म्हटलं, मला डोंगरातलं काही दाखवू नकोस. तिला काय माहीत. तिने लावलंच. नागपूरचं एक जोडपं पाठीवर पिशव्या घेऊन चाललेलं, मग एक लाकडी घर, आत चूल, आणि कुणीतरी त्यांना वाढता वाढता म्हणालं, "अजून घ्या ना जी, लाजून काऊन राह्यले?"

मी पडदा पाहतही नव्हते. डब्याचं झाकण लावत होते. नेपाळातल्या त्या घरात आपल्या रोहण्याचं बोलणं ऐकलं आणि हात थांबला. "पुन्हा लाव," म्हटलं. तिने लावलं. सात वेळा लावायला लावलं, तेव्हा ती घाबरली. मग सांगितलं की हा माझा भाऊ.

व्हिडिओखाली लॉजचा नंबर होता. मेघानेच फोन केला, मी बाजूला कान लावून बसले. पासांग दीदी नावाच्या बाई बोलल्या. हिंदीत म्हणाल्या, अश्वजित इथेच राहतो, स्वयंपाक करतो, पाहुण्यांना वाटा दाखवतो, पण फोन ठेवत नाही. तुम्ही चिठ्ठी पाठवा. म्हणून ही चिठ्ठी.

आईला संध्याकाळी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ निवडतच राहिली. मग म्हणाली, "दाढी ठेवली का त्यानं? खाजत नसन का?" आणि उठून शेजारी सांगायला गेली. शहात्तराव्या वर्षी ती इतकी भरभर चालते हे मला माहीत नव्हतं.

आता मुद्द्याचं. दिवाळीच्या सुट्टीत मी येते आहे. मी, मेघा आणि आपली गुलाब, आशा कार्यकर्ती, तुला आठवत असेल. विमानाने येऊन तुला गाठता आलं असतं, पण मेघाने नकाशा पसरला आणि मला त्या नकाशाचंच वेड लागलं. धाप नावाच्या गावापासून पायी निघायचं, पिके नावाच्या शिखरावर चढायचं आणि पलीकडे तुझ्या जुनबेसीत उतरायचं. चार हजार पासष्ट मीटर. मेघा म्हणते तिथले लोक याला डोंगरसुद्धा म्हणत नाहीत. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, गुडघे चालतात पण बोलतातही. तरी रात्री झोप येत नाही, दहावीच्या सहलीच्या आदल्या दिवशी यायची नाही तशी.

जे झालं तो सगळा गैरसमज होता. त्याबद्दल आज लिहीत नाही.

तुझी ताई,
भावना


रोहणा
१४ सप्टेंबर

प्रिय आशू,

तुझं उत्तर नाही. पोस्टातले हरिदासभाऊ म्हणतात, तिकडे पोचायलाच वीस-बावीस दिवस लागतात. मी मानते. लॉजवर फोन करून तुला बोलवायला सांगता येईल, पण तसं करणार नाही. तुला धावत येऊन माझा आवाज ऐकावा लागू नये.

आमची तयारी ऐक. रोज पहाटे पाच वाजता आम्ही तिघी शाळेच्या मैदानाला वीस चकरा मारतो. रविवारी सारंगपुरीच्या तलावामागच्या टेकडीवर. पहिल्या रविवारी गुलाब अर्ध्यावर बसली आणि म्हणाली, "मले इथंच सोडून द्या, सोमवारी लसीकरण आहे." आता तीच पुढे असते. पाठीवरच्या पिशवीत आम्ही तुरीची डाळ भरतो. पहिल्या आठवड्यात दोन किलो, आता सात. परतताना एका शेतातल्या बाईने विचारलं, डाळ कशी दिली. मेघा म्हणाली, विकायची नाही जी, फिरवून राह्यलो. ती बाई आमच्याकडे बघतच राहिली.

बुटांचा मात्र एक किस्सा झाला. मी वर्ध्याला जाऊन चांगले जाड तळव्याचे घेतले आणि घरात घालून बसले, सवय व्हावी म्हणून. वर्गातही घालून गेले. चौथीची अपेक्षा म्हणाली, मॅडम, तुम्ही पोलिसात भरती झाल्या का?

वर्गाच्या फळ्यावर मी वाट काढली आहे. धाप, झाप्रे, पिके, जुनबेसी. उत्तरेला एव्हरेस्टचा त्रिकोण काढला होता, तो पुसला. त्या वाटेवर तो लागत नाही, नुसता लांबून दिसतो. मुलांना सांगितलं, देशात एक डोंगर प्रसिद्ध झाला की बाकीच्यांकडे कुणी बघत नाही, आणि आपण बाकीच्यांकडे चाललो आहोत. हे सांगताना मला इतका आनंद झाला की तास संपल्याचं कळलं नाही.

आता ते लिहिते.

एव्हरेस्टच्या मोहिमेवरून तुझा फोन आला तो दिवस. खरखर फार होती. तू म्हणालास, "ताई, वरून आलो परत. बरा आहो." आणि लाइन तुटली. अर्ध्या तासात पेपरवाल्याचा फोन आला, पोचले का अश्वजित? मी म्हटलं, पोचला. वरून परत आला. तू जे म्हणालास तेच मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुझा फोटो आणि खाली 'एव्हरेस्टवीर' छापून आलं. चूक झाली, पण ती फोनच्या खरखरीची. इतकंच सांगायचं होतं.

भावना


झाप्रे, नेपाळ
२५ ऑक्टोबर

आशू,

मी हिमालयात आहे. हे वाक्य लिहायचं म्हणून सकाळपासून पेन शोधत होते.

सेवाग्रामहून गोरखपूर, तिथून सीमेपर्यंत बस, मग काठमांडूपर्यंत एक रात्र आणि अर्धा दिवस आणखी एक बस, मग नऊ तास जीप. जीपमध्ये गुलाब ड्रायव्हरला दर वळणावर "हळू, दादा, हळू" म्हणत होती. त्याला मराठी कळत नव्हतं, पण शेवटी शेवटी तोही "हळू, हळू" म्हणायला लागला. धापला उतरलो आणि चालायला लागलो. तीन-चार तासांची चढण. वाटेत शेतं, शेतांत मुळा आणि बटाटा, आणि वळणावळणावर रचलेल्या दगडांच्या लांब भिंती, दगडांवर मंत्र कोरलेले. आमचा वाटाड्या दावा म्हणाला, भिंत उजव्या हाताला ठेवून जायचं. गुलाब बोलण्याच्या नादात चुकीच्या बाजूने पुढे गेली, आणि कळल्यावर चुपचाप मागे येऊन पुन्हा बरोबर बाजूने गेली. दावाला ते फार आवडलं. त्याने तिची पिशवी घेतली.

लॉजमध्ये एका कोनाड्यात बुद्ध आहे, गळ्यात पांढरं वस्त्र. आम्ही तिघींनी हात जोडून त्रिशरण म्हटलं. म्हातारी मालकीण चुलीवरून उठून आली आणि आमच्या मागे उभी राहून 'बुद्धं' तेवढा शब्द म्हणत राहिली. मग तिने आम्हाला बटाट्याचे घावन दिले, वर लोणी आणि तिखट. मी तीन खाल्ले. थंडी बम आहे. बोटं वळत नाहीत, म्हणून अक्षर असं.

इथपर्यंत आनंदाने लिहिलं. आता पुढचं इथूनच लिहायला हवं, कारण लॉजवाल्याचा भाऊ उद्या सकाळी जीपने जुनबेसीकडे जातो आहे आणि हे पत्र तो पासांग दीदींकडे देईल. म्हणजे उद्या ते तुझ्या हातात, आणि परवा मी.

फोनच्या खरखरीचं मी लिहिलं होतं. थे अर्धं खरं आहे.

दुसऱ्या दिवशी तुहा पुन्हा फोन आलता. साफ ऐकू येत होता. तू म्हणला, "ताई, मी वरपर्यंत नाई गेलो. थोडंसं राह्यलं होतं, परतलो." म्या म्हटलं, बरं. फोन ठेवला. बाहेर अंगणात लोक बसले होते. आशू, तुले माहीत नाई त्या दिवशी अंगणात कोण कोण होतं. लक्ष्मणराव गुरुजी होते. वरच्या आळीतले भैय्याजी पाटील होते, त्यांची सून होती. आपल्या बाबांनी तीस वर्षं त्यांच्या शेतात काम केलं, पण आपल्या दारात येऊन ते कधी बसले नव्हते. त्या दिवशी बसले होते. आईनं चहा दिला आन् त्यांनी घेतला. आई कप धुताना रडून राह्यलती. म्या बाहेर जाऊन कसं सांगतलं असतं, का तो वर गेलाच नाई? म्हटलं उद्या सांगू. मग आर्वीचा सत्कार ठरला, मग मिरवणूक ठरली. तू स्टेशनवर उतरला तवाही म्या तुले काही सांगतलं नाई. तू थेट स्टेजवर चढला, हारात. आन् माइकवर खरं बोलला.

सभागृह कसं चूप झालं ते तू पाहिलं. त्याच्यानंतर काय झालं ते तू पाहिलं नाई, कारण तू मागच्या दारानं निघून गेला. लोकांनी मले घेरलं. विचारलं, मग पेपरात कसं आलं? म्या म्हटलं, त्यानंच फोनवर तसं सांगतलं होतं.

हे म्या म्हटलं. भावनानं. तुले कोणीतरी सांगतलंच असन, म्हणून तू आठ वर्षं आला नाई. हे खोटं माहं आहे असं म्या कधी लिहिलं नव्हतं, आज लिहिलं.

परवा मी लॉजवर येईन. तुला भेटायचं नसेल तर त्या दिवशी कुठे निघून जा. मी चहा घेईन, पासांग दीदींना नमस्कार करीन आणि खाली उतरेन. राग धरणार नाही. तेवढा हक्क तुझा आहे.

भावना


जुनबेसी
२८ ऑक्टोबर, सकाळ

आशू,

तू नाहीस. पासांग दीदी म्हणाल्या, परवा पत्र आलं, ते तू परसात उभं राहून वाचलंस, पुन्हा वाचलंस, आणि काल पहाटे पाहुण्यांना घेऊन वरच्या मठाकडे गेलास. केव्हा येणार ते सांगितलं नाहीस. मीच सांगितलं होतं निघून जा, तर मग मला रडायचं कारण नव्हतं. थोडी रडले. मेघा आणि गुलाब पायांना तेल लावून पडल्या आहेत, आज आमचा मुक्काम इथेच. त्यामुळे काल काय पाहिलं ते लिहून इथे ठेवून जाते, कारण हे मला तुलाच सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

काल पहाटे चारला पिकेच्या पायथ्यावरून निघालो. डोक्याला दिवे बांधले होते. गवतावर दव गोठलेलं, पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज. मला दर वीस पावलांवर थांबावं लागत होतं. दावा म्हणाला, दिदी, बिस्तारै, म्हणजे सावकाश. मी मनात चौथीच्या मुलांची हजेरी घेत चढले. एक नाव, एक पाऊल. चार वेळा वर्ग संपला, आणि मग पुढे चढणच नव्हती. काठीला बांधलेल्या पताका फडफडत होत्या, आणि आम्ही वर होतो.

मग उजाडलं. मी काय सांगू. इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत नुसता बर्फ, आधी राखी, मग गुलाबी, मग सोनं. समोर एक भलंमोठं पांढरं शिखर होतं. इतकं जवळ की त्याच्या खांद्यावरून उडणारा बर्फ दिसत होता. मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि हात जोडले. म्हटलं, बाबा रे, तुझ्यापायी मी माझा भाऊ घालवला. खूप रडले. मेघाने पाठीवर हात ठेवला. दावा अगदी हळू म्हणाला, "दिदी, वो नहीं. वो तो नुम्बुर है. सगरमाथा उधर."

सगरमाथा म्हणजे एव्हरेस्ट; त्याने दाखवलं तिकडे पाहिलं. उजवीकडे, फार लांब, शिखरांच्या रांगेमागून एक काळपट त्रिकोण डोकावत होता. आजूबाजूचे कितीतरी त्याच्याहून उंच वाटत होते. मला दोनदा विचारावं लागलं, नक्की तोच का.

गुलाबने डोळे बारीक करून पाहिलं. "थो?" म्हणाली. "त्याच्यासाठीच एवढं झालं?"

आणि मी हसायला लागले. थांबताच येईना. मेघाही हसली, दावाही. चार हजार पासष्ट मीटरवर आम्ही चौघं पोट धरून हसत होतो. मग आम्ही आईने दिलेले शेव-चिवड्याचे पुडे फोडले आणि बाकीची सगळी शिखरं बघत खाल्ले. दावाने प्रत्येकाचं नाव सांगितलं. मी वहीत लिहून घेतली आहेत, एकोणीस नावं. यातलं एकही मला माहीत नव्हतं. तुला सगळी माहीत असतील.

उतरताना जंगल लागलं. देवदारासारखी झाडं, खोडांवर दाढीसारखं शेवाळ, आणि मधेच एक मोकळं कुरण, त्यात याकसारखे केसाळ बैल. मला सारखं वाटत होतं की शाळेतल्या पोरींना हे दाखवायला हवं. तुझं गाव वरून दिसलं. पांढरा स्तूप, निळी छपरं, नदी. मी म्हटलं, बरी जागा निवडली याने.

पासांग दीदींनी तुझी खोली दाखवायला नेलं, मी आत गेले नाही. दारातूनच पाहिली. स्वच्छ आहे.

उद्या सकाळी निघू.

भावना


रोहणा
२७ नोव्हेंबर

प्रिय आशू,
जयभीम.

आईने तू दिलेली याकच्या दुधाची छुर्पी दोन दिवस तोंडात धरून ठेवली आणि म्हणाली, "हे चीज आहे का दगड?" तरी कुणाला देत नाही. पदरात बांधून ठेवते.

तुझ्यासमोर मला बोलायला जमलं नाही, ते आता लिहिते. आधी जे झालं तेही लिहिते. माझ्याकडे ते लिहिलेलं असायला हवं आहे.

तू त्या दिवशी चार वाजता आलास. दारातून नाही, मागच्या शेतातून, डोक्यावर राईच्या भाजीची पेंढी. मी अंगणात बसले होते. तू भाजी खाली ठेवलीस, माझ्याकडे पाहिलंस, आणि बोललास गुलाबशी. "वहिनी, पाय सुजले तुमचे. मीठपाणी देतो गरम करून." रात्री तू आम्हाला वाढलंस. सगळ्यांना विचारून विचारून, मलाही. तेवढंच. मला वाटलं, हेच पुष्कळ आहे.

सकाळी आम्ही निघालो आणि तू पिशवी घेऊन सोबत निघालास. तासभर आपण दोघं मागे मागे चालत होतो. वाट डोंगराच्या कडेने, खाली नदी. आणि मला कळलं की आठ वर्षांत मी तुला एक गोष्ट विचारलीच नाही. मीच काय, कुणीच नाही.

"काऊन परतला होता?" मी विचारलं.

तू वाटेतला एक दगड ओलांडलास. मग म्हणालास, "बारा वाजता परतायचं ठरलं होतं. बारा वाजून दहा मिनिटं झाले होते."

"तब्येत खराब होती का?"

"नाई. चांगली होती."

"हवा?"

"साफ होती, ताई. वरचे लोक दिसत होते. हात हलवून राह्यले होते."

तूच पुढे म्हणालास, "माह्या मागचे दोघं थांबले नाईत. गेले वर. दोन वाजता पोचले. संध्याकाळी तंबूत माह्या बाजूले बसून सूप पिले. काई झालं नाई त्याईले. आता हे स्टेजवर कसं सांगू? वादळ आलं असतं तं सांगतलं असतं. कोणाले वाचवलं असतं तं सांगतलं असतं. घड्याळात वेळ झाला होता, एवढंच होतं माह्याजवळ."

"वाईट वाटत असन."

"पयले रोज वाटे. आता महिन्यातून एकखेप वाटते."

मग तू थांबलास आणि मला म्हणालास, "तुहं पत्र वाचून मी मठात गेलो होतो. भांडायले शब्द शोधून राह्यलो होतो. तिथं पाहुण्यांना चहा देता देता मले आठवलं, आईनं भैय्याजी पाटलाले चहा देल्ला असं तू लिहिलं. मले थे माहीत नव्हतं." आणि पुढे चालायला लागलास. माफ केलंस असं तू म्हणाला नाहीस. मी विचारलंही नाही. जीप सुटताना तू खिडकीतून माझ्या हातात छुर्पीचा पुडा दिलास आणि म्हणालास, "पत्र टाकत जाजो."

मला त्या वेळी म्हणायचं होतं ते हे: तू परतलास म्हणून मला त्या वाटेने तुझ्यासोबत चालता आलं. इतकं साधं आहे, आणि ते समजायला मला चार हजार मीटर चढावं लागलं.

आता कालचं. काल संविधान दिन. शाळेच्या पटांगणात गाव जमलं होतं, मुलांनी उद्देशिका म्हटली. मुख्याध्यापिका म्हणून मला बोलायचं होतं. भाषण लिहून आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं. आधी पिकेचं सांगितलं. एकोणीस शिखरांची नावं वाचली. पोरी डोळे मोठे करून ऐकत होत्या. मग म्हटलं, "एक गोष्ट आठ वर्षांपासून राहिली आहे. अश्वजितने मला फोनवर खरं सांगितलं होतं. तो वर गेला नाही, हे मला सत्काराच्या आधीच माहीत होतं. तो खोटं बोलला असं मी तुम्हाला सांगितलं. खोटं मी बोलले."

टेबलावरचं भाषण मी घडी घालून पिशवीत ठेवलं.

मागच्या रांगेतले एक जण उठले. नाव लिहीत नाही. "आठ वर्षं, मॅडम?" म्हणाले आणि मुलाचा हात धरून निघून गेले. बरोबरच होतं त्यांचं. बाकी सगळे बसून होते. मग लक्ष्मणराव गुरुजी काठी टेकत उभे राहिले. आता ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणाले, "भावना, हे आमाले माहीत होतं."

मला कळेना.

"पोरगा स्टेजवर हार काढून खरं बोलला. तसा पोरगा फोनवर खोटं बोलन का? आम्ही त्याच रात्री समजलो. तुह्या तोंडून ऐकाचं होतं, म्हणून वाट पाहून राह्यलो होतो."

मी म्हटलं, "मग त्या दिवशी आमच्याकडं चहाला आले होते, ते? तेव्हा तर वाटत होतं ना, तो वर पोचला म्हणून."

"पोरगा त्या बर्फातून जिता आला म्हणून आलतो," गुरुजी म्हणाले. "माह्या वर्गात होता तो." आणि खाली बसले.

सगळ्यांच्याच मनात तसं असेल असं मी समजत नाही. काही जण एव्हरेस्टसाठीच आले असतील. पण गुरुजी होते, एवढं मला पुरे आहे.

कार्यक्रम संपल्यावर सातवीच्या बारा पोरी माझ्याभोवती जमल्या. नुम्बुर कसं लिहायचं ते विचारत होत्या.

भावना


रोहणा
४ मे

प्रिय आशू,

तुझं पत्र आज दुपारी आलं. हरिदासभाऊ उन्हात सायकल दामटत शाळेत आले. सुट्टी आहे हेच ते विसरले होते, तिथून मग घरी. पाणी प्यायच्या आधी म्हणाले, उघडा ना मॅडम.

चारच ओळी. तू बारा तारखेला सेवाग्रामला उतरतो आहेस, पासांग दीदींचे दोन भाचे सोबत आहेत, सेहेचाळीस डिग्री म्हणजे काय असतं ते त्यांना बघायचं आहे, आणि महिनाभर राहून परत जायचं आहे, कारण जूननंतर छपराचं काम निघेल. मी आईला वाचून दाखवलं. तिने चारही ओळी पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाली, "महिनाभर म्हणजे तीस का एकतीस?"

तेव्हापासून घरात कुणी बसलेलं नाही. गुलाबने तिच्याकडचा कूलर ढकलत आणला आहे. मेघा देवळीहून फोनवर यादी सांगते आहे: टोप्या, ताक, लिंबू, कैरीचं पन्हं, पाहुण्यांना दुपारी अकराच्या पुढे बाहेर नेऊ नका. तिने तुमच्यासाठी पहाटेच्या वाटाही ठरवल्या आहेत. ढग्याच्या जंगलातली एक, बोर धरणाच्या बाजूची एक, आणि नदीकाठाने एक, जिथे चढणच नाही. दीदींचे भाचे हसतील. हसू देत. आमच्याकडे याच आहेत, आणि सकाळी साडेपाचला पळस-सागाच्या पानगळीतून चालताना त्याही वाईट नसतात. बारा पोरींनी नावं दिली आहेत. तुला वाटाड्या म्हणून नेणार आहेत, तुला विचारलेलं नाही.

लक्ष्मणराव गुरुजींना सांगून आले. ते म्हणाले, स्टेशनवर मी येतो. मी म्हटलं, गुरुजी, ऊन पाहा. म्हणाले, "गाडी पहाटेची आहे, तूच सांगतलं ना?"

आई आत्ता अंगणात पाणी मारते आहे. आठ दिवस आहेत अजून, तरी मारते आहे.

हे पत्र मी का लिहिते आहे, मलाच कळत नाही. पोस्टात टाकलं तर वीस-बावीस दिवसांनी जुनबेसीत पोचेल, आणि तेव्हा तू इथे आईच्या हातची आंबाडी खात असशील. पासांग दीदींना मराठी वाचता येत नाही. पण हात थांबत नाही, आणि पाकिटावर तुझा पत्ता लिहूनही झाला आहे. टाकते. तुझ्या खोलीत पडून राहील. परत गेलास की उघडजो.

ताई